‘त्राटिका’ घरात कशी आली



सुनेने जरा आवाज चढवला की “काय त्राटिका आहे!” हे वाक्य आमच्या लासूर स्टेशनात आजही कानावर येतं. शब्द रामायणातला. विश्वामित्रांच्या सांगण्यावरून रामाने मारलेली ती राक्षसी. पण भांडखोर बायकोला हे नाव चिकटलं, त्यात एका विनोदी नाटकाचा मोठा वाटा असावा असं मला वाटतं.

शेक्सपिअरचं ‘टेमिंग ऑफ द श्रू’ वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी 1890 च्या दशकाच्या सुरुवातीला मराठीत आणलं आणि नायिकेचं नावच ‘त्राटिका’ ठेवलं. पडदा उघडायच्या आधीच निकाल लागला की! शाहूनगरवासी मंडळीच्या प्रयोगात गणपतराव जोशी प्रतापराव व्हायचे आणि त्राटिका बळवंतराव जोग. म्हणजे बाईची चीड लिहिली पुरुषाने आणि लुगडं नेसून बोलून दाखवली तीही पुरुषाने.

मूळ नाटकात नवरा पैशासाठी लग्न करतो. मग बायकोला ‘वठणीवर’ आणतो. करपलंय म्हणून तिच्या पुढचं जेवण उचलायला लावतो, झोपू देत नाही, शिंप्याने शिवून आणलेला झगा परत पाठवतो, भर उन्हात सूर्याला चंद्र म्हणायला लावतो. या सगळ्यावर हशा. आपल्या बायका पर्युषणात अठ्ठाई करतात, आठ दिवस पोटात अन्न नाही तरी चेहरा हसरा. पण पच्चक्खाण आपलं आपण घ्यायचं असतं. दुसऱ्याने ताट ओढून घेतलं तर त्याला उपवास म्हणत नाहीत, छळ म्हणतात.

आणि काळ कोणता? अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंवर नवऱ्याने 1884 मध्ये मुंबईत दावा लावला. 1887 मध्ये कोर्टाने सांगितलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या म्हणाल्या, तुरुंगात जाईन. 1888 मध्ये तडजोड झाली म्हणून तुरुंग टळला. त्यानंतर थोड्याच वर्षांत रंगभूमीवर त्राटिका आली.

आपल्या शेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी तर 1882 मध्येच ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून ठेवलं होतं. नाटकं-कादंबऱ्यांतून सगळे दुर्गुण बाईच्याच पदरात घालणाऱ्या लेखकांना त्यांनी चांगलंच फैलावर घेतलंय. मिळालं तर वाचाच. भाषा अशी तिखट, की स्वयंपाकघरात मोठ्याने वाचायला मजा येते.

आता एक बारीकशी गोष्ट. मूळ नाटकातली ती थोरली मुलगी बापाला एकदा तोंडावर सांगते, की तुमचा सगळा जीव धाकटीवर आहे. एवढं बोलून ती रागाने आत निघून जाते. बाप म्हणतो, माझ्याएवढं दुःख कुणाच्या वाट्याला आलं असेल का! मग दारात दोघी मुलींना मागणी घालणारे येतात, आणि तिच्या बोलण्याकडे कुणी वळूनही पाहत नाही.