कलकत्ता क्लबाचे उरलेले रुपये

मंडळी, एडिनबरोत राहून रग्बीकडे पाठ फिरवणं अवघड. मी इथे एमएस्सी करायला आलो तेव्हा माझं सगळं खेळज्ञान क्रिकेटपुरतं, आणि थोडंफार खो-खोचं. पण इंग्लंड-स्कॉटलंड सामन्याच्या दिवशी मरेफील्डकडे निघालेली गर्दी पाहिली की घरात बसवत नाही. दरवर्षी होणाऱ्या या सामन्याच्या विजेत्याला जो करंडक मिळतो त्याचं नाव ‘कलकत्ता कप’. इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या भांडणात कलकत्ता कुठून आलं, हा प्रश्न आपल्यापैकी बऱ्याच जणांना पडला असेल. मला तो या वर्षी जरा जास्तच पडला. आपल्या मंडळाच्या एका दिवंगत संस्थापक सदस्यांच्या नावे मुलांच्या क्रीडादिनाला फिरता करंडक ठेवावा असं समितीत ठरतंय, आणि त्याचे नियम लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. (कॉम्प्युटरवाल्यांना कागदपत्रं छान जमतात, हा एक सार्वत्रिक गैरसमज!) दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं की करंडक कपाटात धूळ खातो, त्यापेक्षा तेच पैसे मराठी शाळेच्या पुस्तकांना द्या. दोघांचंही पटतं, म्हणून मी जुनं उदाहरण शोधत गेलो.

१८७२ सालच्या नाताळच्या दिवशी कलकत्त्यात रग्बीचा एक सामना झाला. एका बाजूला इंग्लंडचे वीस गडी, दुसऱ्या बाजूला स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्स मिळून वीस. तेव्हा संघात वीस जण असत. सामना इतका रंगला की आठवड्याभरात तो पुन्हा खेळला गेला आणि जानेवारी १८७३ मध्ये कलकत्ता फुटबॉल क्लब स्थापन झाला. १८७४ मध्ये हा क्लब इंग्लंडच्या रग्बी युनियनचा सभासदही झाला. परक्या देशात चार गाववाले जमले, सणाच्या दिवशी काहीतरी केलं, मजा आली, मग घटना-नियम-वर्गणी. आपल्या मंडळांची जन्मकथा याहून फार वेगळी नाही.

पुढची कथाही ओळखीची वाटेल. बंगालची हवा या खेळाला मानवणारी नव्हती. तिथे असलेली एक गोरी पलटण बदलून गेली आणि खेळाडू कमी झाले. उरलेल्यांना टेनिस आणि पोलोची गोडी लागली. त्यात क्लबाने फुकट चालणारा बार बंद केला, आणि सभासदसंख्या धडाधड घसरली! दिवाळीच्या कार्यक्रमाला जेवणाचं तिकीट लावल्यावर आपल्याकडे काय होतं ते खजिनदारांना विचारा.

१८७७ च्या अखेरीस क्लब गुंडाळायची वेळ आली. जेम्स रॉथनी हे गृहस्थ तेव्हा कप्तान, चिटणीस आणि खजिनदार असे तिन्ही होते, यावरूनच क्लबाची अवस्था कळते. खात्यात पैसे मात्र शिल्लक होते. रॉथनींनी रग्बी युनियनला पत्र लिहून सुचवलं की या पैशातून एक करंडक करावा, म्हणजे खेळाचं कायमचं काही भलं होईल आणि क्लबाची आठवणही राहील. मग बँकेतली शिल्लक चांदीच्या रुपयांत काढली, ते वितळवले आणि हिंदी कारागिरीचा एक देखणा करंडक घडवून घेतला. उंची साधारण दीड फूट, अंगावर नाजूक नक्षी, मुठींच्या जागी फणा काढलेले तीन नाग आणि झाकणावर अंबारीसह हत्ती. १८७८ मध्ये तो रग्बी युनियनला मिळाला.

इथे माझ्यासारख्या मराठी माणसाला एक गोष्ट नोंदवल्याशिवाय पुढे जाववत नाही. रॉथनी हे पत्र लिहीत होते तेव्हा सोलापूर, नगर, पुणे, सातारा या भागांत मोठा दुष्काळ होता. त्याच वर्षी सरकारने दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या पुरुषाची मजुरी एक पौंड धान्य आणि एक आणा अशी खाली आणली होती. इतक्यात पोट भरत नाही म्हणून मजुरांनी कामं सोडली, आणि पुण्याची सार्वजनिक सभा सरकारकडे अर्जांमागून अर्ज धाडत होती. सोळा आण्यांचा रुपया. म्हणजे वितळवलेल्या प्रत्येक रुपयात अशा एका मजुराची सोळा दिवसांची रोकड होती. क्लबवाल्यांनी कुणाच्या तोंडचा घास काढला असं मी म्हणत नाही. पैसे त्यांच्या वर्गणीचे होते. पण तो झाकणावरचा हत्ती पाहिला की मला ही खडी आठवते, त्याला इलाज नाही.

असो. रॉथनींच्या क्लबाच्या मनात होतं की इंग्लंडातल्या क्लबांनी दरवर्षी या करंडकासाठी खेळावं, फुटबॉलच्या एफ. ए. कपासारखं. युनियनने करंडक आनंदाने घेतला, पण क्लबांची स्पर्धा काही भरवली नाही. तो इंग्लंड-स्कॉटलंड सामन्याला जोडला. पहिला सामना १० मार्च १८७९ रोजी इथेच, एडिनबरोच्या रेबर्न प्लेसवर झाला आणि बरोबरीत सुटला. पुढच्या वर्षी मँचेस्टरला इंग्लंडने तो जिंकला. करंडकाच्या लाकडी बैठकीवरच्या पट्ट्यांवर विजेता देश आणि दोन्ही कप्तानांची नावं कोरतात. गंमत म्हणजे त्या नोंदी १८७१ पासूनच्या आहेत, म्हणजे करंडक घडण्याच्याही सात वर्षं आधीच्या!

१८७८ मध्ये दिलेली ही वस्तू आजही सांभाळली जाते, पण सुखाने नव्हे. १९८८ च्या सामन्यानंतर दोन्ही संघांतल्या एकेका खेळाडूने दारूच्या नशेत तिला प्रिन्सेस स्ट्रीटवरून चेंडूसारखं लाथाडत नेलं आणि चांदी चेपली. स्कॉटलंडने आपल्या खेळाडूवर सहा महिन्यांची बंदी घातली, इंग्लंडने आपल्याला एका आठवड्याची! करंडक दुरुस्त झाला, पण आता तो फार नाजूक मानला जातो.

या सगळ्यावरून नियमांच्या मसुद्यात मी दोन वाक्यं घातली आहेत. करंडक कुणाच्या नावाचा आणि त्यांनी काय केलं हे बैठकीवरच मराठीत कोरावं. आणि करंडक कशासाठी द्यायचा, ते पुढच्या समितीला बदलता यावं. पुस्तकांचा मुद्दाही मी मागे टाकलेला नाही. दरवर्षी जिंकणाऱ्या मुलाच्या नावे शाळेला एक पुस्तक, असं सुचवलंय. सर्वसाधारण सभेत काय होईल ते होईल.

कलकत्त्याचं काय झालं, ते राहिलं. क्लब गुंडाळल्यावर सहाएक वर्षांनी, १८८४ मध्ये, तिथे रग्बी पुन्हा सुरू झाली. तेव्हा जुनी शिल्लक करंडक होऊन कधीच विलायतेला गेली होती. १८९० मध्ये तिथल्या मंडळींनी क्लबांच्या आपसातल्या स्पर्धेसाठी नवा करंडक केला, रॉथनींच्या क्लबाला विलायतेत हवी होती तशाच स्पर्धेसाठी. लोक त्यालाही ‘कलकत्ता कप’च म्हणू लागले.