बिल्ल्याची सायकल

आमच्या आबांच्या गोष्टींत वाघ-भुतं कमी, ग्रामपंचायतीचा शिपाई जास्त. त्यांच्या तरुणपणी शिंदखेड्यात सायकल घेतली की वर्षाचा कर भरायचा आणि पत्र्याचा बिल्ला हँडलखाली तारेने बांधायचा. दर वर्षी बिल्ल्याचा आकार वेगळा, त्यामुळे कर कोणी बुडवलाय ते शिपायाला पारावर बसूनच कळे. “तुना बिल्ला कोठे शे रे?” अशी हाक आली की आबा खाली उतरून सायकल ढकलत चालू लागत. त्यांच्या मते ढकलत नेलेली सायकल म्हणजे वाहन नव्हे, सामान. शिपायाला हे कधी पटलं नाही.

अंधारात दिवा नसला तर पोलीस चाकाचा व्हॉल्व्ह काढून घेत, मग स्टेशनापासून घरापर्यंत सायकल ओढत न्यायची. आबांनी पुठ्ठ्याच्या डब्याला पतंगाचा कागद चिकटवून आत मेणबत्ती लावली होती. वाऱ्याने ती विझे. पण विझलेली मेणबत्ती अजून गरम आहे, हा पुरावा पोलिसाला हात लावून पाहता येई. डबलसीट पकडलं गेलं तर मात्र कुठलाच पुरावा चालत नसे.

हसता हसता माझं लक्ष दुसरीकडेच गेलं. कर होता म्हणून नोंदवही होती, आणि गावात सायकली किती, हे पंचायतीला ठाऊक होतं. 1958च्या ग्रामपंचायत कायद्यात सायकलीवरच्या कराची तरतूद आहे. बिल्ले गेले तेव्हा सगळ्यांना बरं वाटलं, मलाही वाटलं असतं. पण त्यांच्याबरोबर मोजणीही गेली.

मोजणीवाचून आज अडतं. इंडियन रोड्स काँग्रेसने 1962 सालीच सायकलमार्गाचे निकष छापले. रस्त्यावरून तासाला 200हून जास्त मोटारी जात असतील, तर गर्दीच्या तासाला 100 सायकली असल्या तरी वेगळा मार्ग करणं योग्य ठरतं, असं त्यांत म्हटलं होतं. शंभर! शाळा सुटताना आमच्या फाट्यावर उभं राहून पाहावं. मानव विकास कार्यक्रमातून सायकली मिळालेल्या मुली तिघी-तिघी, दप्तर कॅरियरला, ओढणी कमरेला खोचलेली. मागून डंपरचा हॉर्न वाजला की पुढची डांबरावरून खाली उतरते. डांबराच्या कडेला वीतभर खोल खाच, खाली काळी माती. पावसाळ्यात ती मडगार्डमध्ये अशी बसते की चाकच फिरत नाही. काडीने उकरत बसायचं.

मागितल्यावर रस्ते बदलतातही. नेदरलँड्समध्ये 1971 साली रस्त्यांवरच्या अपघातांत तीन हजारांहून जास्त माणसं गेली, त्यांत चारशेहून जास्त मुलं. आईबाप रस्त्यावर उतरले, तेव्हापासून तिथल्या सायकलरस्त्यांना जोर आला. पुण्यानेही 2017 साली सायकल आराखडा मंजूर केला. आराखडे शहरांना शोभतात. आमच्याकडे विरदेल किंवा चिमठाण्याच्या वाटेने जाणाऱ्या पोरीला साइडपट्टी लागते.

म्हणून आमच्या पारावरच्या निवृत्त मंडळींना मी वही-पेन्सिल द्यायची म्हणतो. शाळा भरताना आणि सुटताना, आठवडाभर, सायकली आणि मोटारी वेगळ्या मोजायच्या. तो कागद जोडून बांधकाम विभागाला अर्ज. पहिल्या अर्जात एवढंच: साइडपट्टी मुरूम दाबून डांबराच्या पातळीला आणा आणि फाट्यावर गतिरोधक टाका. वेगळा मार्ग दुसऱ्या अर्जात मागू.