सातारा–कोल्हापूर यादवी : वेढे, वसुली आणि रयत (१७०७–३१)

छत्रपती शाहू आणि महाराणी ताराबाई यांच्या पक्षांत गादीच्या हक्कावरून झालेला संघर्ष. आजच्या सातारा व सांगली जिल्ह्यांतल्या गावांना त्याची झळ दोन तपे बसत राहिली. १७०० मध्ये औरंगजेबाने साताऱ्याचा किल्ला घेतला होता. त्यापाठोपाठ १७०२–०४ चा दुष्काळ आणि साथ यांनी दख्खन उजाड झाली. अशा खंगलेल्या मुलखावर ही भाऊबंदकी कोसळली.

मोगलांच्या कैदेतून सुटलेल्या शाहूंनी ऑक्टोबर १७०७ मध्ये खेडची लढाई जिंकून, तोवर मराठ्यांनी परत मिळवलेल्या साताऱ्याला वेढा घातला. ताराबाईंच्या पक्षाचे परशुरामपंत प्रतिनिधी किल्ला सोडीनात. तेव्हा किल्ल्याचे हवालदार शेख मिरा यांची वाईला असलेली बायकामुले शाहूंनी पकडली. शेख मिरांनी प्रतिनिधींना कैद करून किल्ला स्वाधीन केला आणि १२ जानेवारी १७०८ रोजी शाहूंना राज्याभिषेक झाला. या प्रसंगाचे मुत्सद्देगिरी म्हणून कौतुक होते; त्यात ओलीस धरलेले घर कुणाला दिसत नाही.

वेढ्यात गडाची रसद तोडली जाई, पण तोडणाऱ्या फौजेचे पोटही आसपासच्या गावांवरच भरे. कहीला, म्हणजे दाणावैरण गोळा करायला, निघालेले स्वार कडबा आणि उभे पीक उचलून नेत. बाजाराच्या वाटा बंद पडत. पेव (जमिनीतले धान्याचे कोठार) उकरून धान्य नेले, की खायलाही उरत नसे आणि पेरायलाही. मग कुणबी गाव सोडून परागंदा होई. त्याला परत आणण्यासाठी सरकारला कौल (अभयाचे लेखी वचन) द्यावा लागे आणि सारा काही वर्षे कमी ठेवून इस्ताव्याने, म्हणजे दरसाल थोडा थोडा, चढवावा लागे.

वारणा खोऱ्याचे मोठे हाल झाले. ताराबाईंचा पक्ष पुढे कोल्हापूरकर म्हणून ओळखला गेला; त्या पक्षाचे उदाजी चव्हाण बत्तीस शिराळ्याच्या बाजूने शाहूंच्या मुलखात शिरून चौथाई (महसुलाचा चौथा हिस्सा) वसूल करत. एका अंमलाला पैसा भरला म्हणून दुसऱ्याचा तगादा चुकत नसे, आणि पाटलाला दोन्हीकडे जबाब द्यावा लागे.

१७३० मध्ये शाहूंच्या फौजेने वारणाकाठी तेव्हा कोल्हापूरच्या गादीवर असलेल्या संभाजींचा पराभव केला. १३ एप्रिल १७३१ च्या वारणेच्या तहाने वारणा ही दोन्ही राज्यांची सरहद्द ठरली. उदाजींना गप्प बसवण्यासाठी मात्र शिराळा आणि कऱ्हाडची चौथाई त्यांनाच तोडून देण्यात आली होती. ती पुढेही बराच काळ त्यांच्याच नावाने वसूल होत राहिली.