साथ थांबविणाऱ्यावरील संशय



संकट कोणीं आणलें हा प्रश्न लोक संकटाच्या वेळीं विचारतातच. परंतु तें टळल्यावर ‘हें टळलें कसें?’ असा दुसरा प्रश्न निघतो, आणि कित्येकदां तो पहिल्यापेक्षां अधिक कडवट ठरतो. उपाय डोळ्यांना दिसणारा असेल, म्हणजे आगीवर पाण्याचा बंब आलेला असेल, तर कोणी शंका घेत नाहीं. उपाय अदृश्य असला कीं, ज्यानें आग विझविली त्यानेंच ती लावली असावी, अशी कुजबूज सुरू होते. अशा एका संशयाचा इतिहास मी आज आपणांसमोर मांडणार आहें. तो फार जुना नाहीं. २०१७ सालच्या मे महिन्यांत त्याचा आरंभ झाला.

शुक्रवार, ता. १२ मे २०१७ या दिवशीं ‘वॉनाक्राय’ नांवाचा एक दुष्ट प्रोग्रॅम जगभरच्या संगणकांत शिरूं लागला. या जातीला रॅन्समवेअर म्हणतात. म्हणजे खंडणी मागणारें सॉफ्टवेअर. त्याची रीत साध्या चोरापेक्षां निराळी असते. चोर पेटींतला ऐवज घेऊन जातो. हा ऐवज जागच्या जागीं ठेवतो, पेटीला स्वतःचें कुलूप घालतो आणि किल्लीचे पैसे मागतो. संगणकांतील हिशेब, कागदपत्रें, छायाचित्रें यांचें तो कोणास वाचतां येऊं नये अशा गुप्त लिपींत रूपांतर करी, आणि पडद्यावर लाल पाटी झळके: ३०० डॉलर बिटकॉइन या चलनांत भरा, तीन दिवसांत न भराल तर रक्कम दुप्पट, सात दिवस लोटले तर सर्व कांहीं कायमचें गेलें. शिवाय तो एका संगणकावरून दुसऱ्यावर आपण होऊन उडी घेई; माणसाच्या हातून कांहीं चूक व्हावी याचीहि त्याला गरज नव्हती.

थोड्याच दिवसांत सुमारें १५० देशांतील २ लाखांहून अधिक संगणक त्याच्या तावडींत सांपडले. इंग्लंडांतील सरकारी आरोग्यसेवेला जबर तडाखा बसला. तेथील २३६ रुग्णालय-संस्थांपैकीं निदान ८१ संस्थांच्या कामांत व्यत्यय आला. शस्त्रक्रिया पुढें ढकलाव्या लागल्या, रुग्णवाहिका दुसरीकडे वळवाव्या लागल्या. आपल्या देशांत आंध्र प्रदेशच्या पोलीस खात्यांतील कांहीं संगणक बंद पडले. सोलापुरांत तेलुगू बोलणारीं विणकर कुटुंबें पुष्कळ आहेत, आणि त्यांचे सोयरेधायरे तिकडे आहेत. त्यामुळें ती बातमी आमच्या पेठेंत वर्तमानपत्राच्या आधीं फोनवरून येऊन पोहोंचली.

या प्रोग्रॅमला घरांत शिरण्याची वाट कोणीं दाखविली, हें येथेंच सांगितलें पाहिजे. विंडोज या संगणक-प्रणालींत एक छिद्र होतें. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेला तें ठाऊक होतें, आणि तिनें त्यांतून शिरण्याचें हत्यार गुपचूप तयार करून ठेविलें होतें, असें या विषयांतील जाणकारांचें मत आहे. तें हत्यार चोरीस गेलें आणि १४ एप्रिल २०१७ रोजीं एका अज्ञात टोळीनें तें जगजाहीर केलें. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें त्याच्या एक महिना आधीं, १४ मार्च रोजीं, छिद्र बुजविण्याची दुरुस्ती प्रसिद्ध केली होती. पण असंख्य ठिकाणीं ती बसविलीच गेली नव्हती. कुंपणानें शेत खाल्लें, आणि राखणदार झोंपला होता, असा हा प्रकार होता.

आतां ही साथ थांबली कशी तें ऐका. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यांत समुद्रकांठच्या एका लहान गांवीं मार्कस हचिन्स नांवाचा २२ वर्षांचा तरुण राहत असे. असल्या दुष्ट प्रोग्रॅमांचा अभ्यास करणें हाच त्याचा व्यवसाय. त्या आठवड्यांत तो रजेवर होता. दुपारचें जेवण आटोपून घरीं आल्यावर त्यानें वॉनाक्रायचा एक नमुना मिळविला. त्याच्या ध्यानांत आलें कीं, नव्या संगणकांत शिरल्याबरोबर हा प्रोग्रॅम प्रथम इंटरनेटवर एका लांबलचक, अर्थहीन अक्षरांच्या नांवाचा पत्ता शोधतो. तें नांव कोणाच्याच मालकीचें नव्हतें. साथ कोठें कोठें पसरत आहे याची मोजदाद व्हावी, या नेहमींच्या हेतूनें त्यानें तें नांव १० डॉलर ६९ सेंट भरून स्वतः विकत घेतलें. आपल्या रुपयांत ही रक्कम सातशेंहूनहि कमी झाली.

परिणाम त्याला स्वतःलाहि अनपेक्षित होता. एखादा दरोडेखोर घर फोडण्यापूर्वीं दाराशीं उभा राहून, जगांत कोणाचेंच नसलेलें नांव घेऊन हांक मारीत असावा. ‘ओ’ आली नाहीं तर दार फोडावयाचें, आली तर मुकाट्यानें निघून जावयाचें, असा त्याचा नेम असावा, तसें हें होतें. नांव विकत घेतलें गेल्यावर त्या हांकेला ‘ओ’ मिळूं लागली, आणि प्रोग्रॅम जेथें जाई तेथें निपचित पडूं लागला. गंमत अशी कीं, पहिला संशय हचिन्सच्या स्वतःच्या गोटांतच निघाला. त्याच्या एका सहकाऱ्यानें घाईनें तपासून सांगितलें कीं, नांव विकत घेतल्यामुळेंच कुलपें पडूं लागलीं आहेत! क्षणभर त्या तरुणाला आपणच जगाचा घात केला असें वाटलें. मग त्यानें स्वतःच्या प्रायोगिक संगणकावर दोन्ही प्रकारें करून पाहिलें. नांवाला उत्तर मिळेल अशी व्यवस्था ठेवली, तेव्हां कांहीं बिघडलें नाहीं. उत्तर अडविलें, तेव्हां कुलूप पडलें. मगच त्याची खात्री पटली, आणि घडलेली सर्व हकीकत त्यानें लगेच लिहून प्रसिद्ध केली.

त्या पुढच्या सोमवारीं मी आमच्या ओळखीच्या एका सूतव्यापाऱ्याच्या पेढीवर गेलों होतों. तेथील कारकुनानें भीतीनें संगणकाची वायरच काढून ठेविली होती आणि तो जुन्या चोपडींत हातानें हिशेब लिहीत होता. मीं त्याला त्या तरुणाची बातमी सांगितली. तो हंसला आणि म्हणाला, “गुरुजी, कुलूप घालणाराच आंत अशी कळ कशाला ठेवील? आणि ती नेमकी याच पोराला कशी सांपडली?” मला उत्तर देतां आलें नाहीं. खरें सांगावयाचें तर मींहि मान डोलाविली. पृथ्वीच्या पाठीवर अनेक ठिकाणीं, शिकल्यासवरल्या माणसांतहि, हेच दोन प्रश्न विचारले जात होते.

पुढें ऑगस्टांत तर संशयाला बळच मिळालें. अमेरिकेंतील लास व्हेगास शहरीं एका परिषदेला गेलेल्या हचिन्सला ता. २ ऑगस्ट २०१७ रोजीं परतीच्या प्रवासांत विमानतळावर अटक झाली. आणि अवघ्या एका दिवसाच्या आंत, वॉनाक्रायच्या खंडणीचे जमा झालेले सुमारें १,४०,००० डॉलर त्या बिटकॉइनच्या खात्यांतून कोणीं तरी काढून नेले! दोन गोष्टी लागोपाठ घडल्या कीं, त्यांचा संबंध जोडल्याशिवाय मनुष्याच्या मनाला चैन पडत नाहीं. पेढीवरच्या कारकुनानें मला रस्त्यांत थांबवून विचारलें, “काय गुरुजी, मी म्हणत नव्हतों?”

इतिहास शिकविणाऱ्या माणसाची एक संवय असते. गुंतलेल्या प्रश्नाचे तो तुकडे करून पाहतो. येथें वस्तुतः तीन प्रश्न होते आणि लोकांनीं त्यांची एकच मोट बांधली होती.

पहिला प्रश्न: नांव विकत घेतल्यानें साथ खरोखरच थांबली काय? याचें उत्तर कोणाच्या शब्दावर अवलंबून नव्हतें. तोच प्रयोग कोणाहि जाणत्याला करून पाहतां येत होता, आणि अनेकांनीं तो केला. मात्र ज्या संगणकांना आधींच कुलूप पडलें होतें ते यामुळें उघडले नाहींत, आणि छिद्रहि बुजलें नाहीं. रोग निजला एवढेंच. ही कळ नसती तर काय झालें असतें याची थोडी कल्पना महाराष्ट्राला लौकरच आली. २७ जून २०१७ रोजीं खंडणीचें सोंग घेऊन आलेल्या ‘नॉटपेट्या’ या दुसऱ्या प्रोग्रॅममुळें मुंबईनजीक न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराच्या एका टर्मिनलचें काम ठप्प झालें. त्याला दुरून थांबविणारी अशी एकहि कळ कोणास सांपडली नाहीं.

दुसरा प्रश्न: साथ त्यानेंच आणली काय? त्याच्यावरील आरोपपत्रांत वॉनाक्रायचें नांवहि नव्हतें. डिसेंबर २०१७ मध्यें अमेरिकेनें आणि ब्रिटननें या कृत्याचा ठपका उत्तर कोरियावर ठेविला. पुढें सप्टेंबर २०१८ मध्यें त्या देशाच्या एका इसमावर अमेरिकेंत रीतसर आरोप ठेवण्यांत आले. उत्तर कोरियानें हें नाकारलें आहे. कारकुनाच्या शंकेलाहि हचिन्सनें एक उत्तर सुचविलें होतें. तज्ज्ञांच्या बंदिस्त प्रायोगिक संगणकांत कोणतेंहि खोटें नांव पुकारलें तरी उत्तर मिळतें. तसें उत्तर मिळालें कीं आपण पिंजऱ्यांत आहों हें ओळखून गप्प बसावें, अशी लबाडी कर्त्यानें योजिली असावी. नांव विकत घेतलें गेल्यावर सारें जगच त्या प्रोग्रॅमला पिंजरा भासूं लागलें.

तिसरा प्रश्न: हा तरुण निष्कलंक होता काय? नाहीं, श्रोतेहो. बँकांच्या ग्राहकांचीं गुपितें चोरणारा ‘क्रोनॉस’ नांवाचा प्रोग्रॅम रचण्यांत त्याचा पूर्वीं हात होता. एप्रिल २०१९ मध्यें त्यानें दोन आरोप कबूल केले. जुलै २०१९ मध्यें न्यायाधीशांनीं, तो आधींच सन्मार्गाला लागला होता हें ध्यानांत घेऊन, भोगलेल्या कैदेवर आणि एक वर्षाच्या देखरेखीवर त्याची सुटका केली. म्हणजे संशय अगदींच निराधार होता असें नव्हे. तो भलत्या गुन्ह्याला चिकटला होता. आणि ज्यांनीं छिद्र माहीत असून झांकून ठेविलें, त्यांच्याविषयीं पेढीवर किंवा चव्हाट्यावर कोणी चकार शब्द काढला नाहीं. संस्थेला चेहरा नसतो, पोराला असतो.

हें परदेशचें प्रकरण म्हणून सोडून द्यावें, असें कोणास वाटेल. परंतु आपल्याच मुंबईंत १८९६ सालीं ग्रंथिक सन्निपाताची, म्हणजे प्लेगची, साथ आली तेव्हां काय घडलें? रुग्णालयांत नेऊन माणसें मारतात अशा अफवा उठल्या, आणि गिरणीकामगारांच्या जमावानें आर्थर रोडच्या रुग्णालयावर चाल केली. त्याच वेळीं वॉल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञानें ग्रँट मेडिकल कॉलेजांत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःला टोंचून घेतली. पुढें ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मुलकोवाल गांवीं लस टोंचलेल्या १०७ जणांपैकीं १९ जण धनुर्वातानें दगावले. ते सर्व एकाच बाटलींतील लस घेतलेले होते. हाफकिननें लस बनविण्याची रीत बदलली होती, तेव्हां दोष त्याचाच, असा ग्रह होऊन त्याला पदावरून दूर व्हावें लागलें. बाटली उघडणाऱ्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करतांच वापरला गेला, हा पुरावा चौकशीच्या कागदांतच होता. रोनाल्ड रॉस प्रभृति शास्त्रज्ञांनीं १९०७ सालीं तो जाहीरपणें मांडला, तेव्हां कोठें हाफकिन दोषमुक्त झाला. परळच्या संस्थेला त्याचें नांव १९२५ सालीं मिळालें. पण आयुष्यांतील उमेदीचीं पांच वर्षें त्याला परत कोण देणार?

शेवटीं एक घरगुती गोष्ट सांगतों. मी ज्या शाळेंत शिकवीत असें तेथें एकदां फीच्या पैशांचा डबा नाहींसा झाला. दुसऱ्या दिवशीं चौथींतल्या एका मुलानें तो कपाटामागून काढून आणून दिला. शिक्षकांच्या खोलींत सर्वांच्या तोंडीं एकच वाक्य: ‘याला कसा सांपडला?’ मीहि तेथें होतों, आणि गप्प बसलों. दोन दिवसांनीं उलगडा झाला. चुना देण्यासाठीं कपाट सरकविलें तेव्हां डबा मागें घसरला होता, आणि मुलाचा चेंडू तिकडे गेला म्हणून त्याला तो दिसला. पण त्या दोन दिवसांत मुलाची पुरेशी उलटतपासणी झाली होती. त्यानंतर वर्षभर त्या मुलानें वर्गांत हात वर केला नाहीं.

संशय घेऊं नये असें मी म्हणत नाहीं. संशयाशिवाय इतिहासाचा अभ्यासच संभवत नाहीं. फक्त त्याचे तुकडे करावे, प्रत्येक तुकड्याला पुरावा मागावा, आणि पुरावा येईपर्यंत माणसाला उभें राहण्यापुरती जागा द्यावी. कारण पुढची साथ येईल, तेव्हां डबा शोधून आणणारें कोणी तरी पोरच आपल्याला लागणार आहे.