झाडलोट, सारवण आणि वतन

सातारा आणि सांगली या कृष्णाकाठच्या जिल्ह्यांत घरकामाची भाषा पाहिली, तर स्वच्छतेसाठी एकच शब्द न वापरता कामागणिक वेगळे क्रियापद योजलेले आढळते. मातीची जमीन उखणून, भिजवून, चोपण्याने बडवून मग शेणकाल्याने सारवली जाई, अंगणात सडा पडे, चुलीवरून पोतेरे, म्हणजे काल्यात भिजवलेले फडके, फिरे, आणि भांडी राखेने घासून विसळली जात. घरात शहाबादी फरशी आली तेव्हा सारवणे मागे पडून पुसणे आले, आणि सारवणाच्या हातोटीची जी ख्याती गावातल्या एखाद्या बाईला मिळे, ती पुसण्याला कधी मिळाली नाही. झाडण्याचा पल्ला मात्र घराबाहेरही गेला. मराठी दप्तरात गावच्या जमिनीच्या व महसुलाच्या तपशीलवार नोंदीला ‘गावझाडा’ म्हणत, आणि कसून केलेल्या चौकशीला आजही ‘झाडाझडती’ म्हणतात.

घर झाडण्याची केरसुणी शिंदीच्या पानांची, तर गोठ्याचा खराटा तुराट्यांचा असे. केरसुण्या आणि दोरखंड वळणे हे मांगांचे परंपरागत काम होते. लक्ष्मीपूजनाच्या रात्री जिला हळदकुंकू वाहिले जाई, ती केरसुणी वळणाऱ्याचे घर मात्र गावकुसाबाहेर असे, ही विसंगती रूढीला फारशी टोचलेली दिसत नाही. घरातील झाडलोट बाईच्या वाट्याला, तर चावडीपुढची झाडलोट आणि मेलेली जनावरे ओढणे महारांच्या वाट्याला वतन म्हणून येई. गावाचे कपडे परीट धुई आणि त्याबद्दल सुगीला बलुते, म्हणजे धान्याचा ठरीव वाटा, घेई. वतन हा शब्द मानाचा असला, तरी इथे त्यात नकार देण्याची सोय नव्हती. 1958 च्या मुंबई राज्याच्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची ही वतने रद्द ठरवली.

काम आणि जात यांची ही गाठ सैल करण्याचे प्रयत्न याच भागात आधीपासून चालू होते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1924 मध्ये साताऱ्यात सुरू केलेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत आणि कामे स्वतः करत. परीट कुटुंबात जन्मलेले गाडगेबाबा हातात खराटा घेऊन गावे झाडत, तेव्हा ते काम कोणा एका जातीचे राहत नसे. त्यांच्या नावाचे महाविद्यालय भाऊरावांच्या रयत शिक्षण संस्थेने 1954 मध्ये कराडला काढले. पुढे ग्रामविकास मंत्री असलेल्या, तासगाव तालुक्यातील अंजनीच्या आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने 2000-01 मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले आणि ‘स्वच्छता’ हा पुस्तकी शब्द ग्रामपंचायतीच्या भिंतींवर आला.

‘केर’ मात्र हळूहळू ‘कचरा’ या शब्दाला जागा देत गेला, याला कारण त्यातला ऐवजच बदलला हे असावे. जुन्या घराचा केर म्हणजे माती, पालापाचोळा आणि राख, जो उकिरड्यात कुजून खत होऊन शेतात जाई. प्लॅस्टिकला उकिरडा पचवत नाही, म्हणून त्यासाठी घंटागाडी आणि ‘ओला-सुका’ ही नवी वर्गवारी आणावी लागली.