मेरी बार्बरबाईंची शिस्त

पेनिसिलिनचा शोध 1928 सालचा. अलेक्झांडर फ्लेमिंग यांचं नाव आपल्या मुलांच्या पुस्तकातही असतं. पण पुढं त्याच औषधाला जंतू जुमानेनासे झाले, तेव्हा त्यांचा माग काढणाऱ्या मेरी बार्बर यांचं नाव आपल्यापैकी किती जणींनी ऐकलंय?

बार्बरबाई जंतुशास्त्रज्ञ. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात त्यांचं काम. दुसरं महायुद्ध संपलं, पेनिसिलिन मुबलक मिळू लागलं आणि ऑपरेशननंतर जखम चिघळायची भीती आता गेलीच, असं सगळ्यांना वाटलं. जखमेत पू करणारा नेहमीचा जंतू म्हणजे स्टॅफिलोकॉकस. पुष्कळांच्या नाकात, कातडीवर तो एरवी निमूट बसलेला असतो. टाक्यांच्या जागी शिरला की मग छळतो. रुग्णांच्या जखमांतून आलेले हे जंतू पेनिसिलिननं मरतात का, ते बाई तपासत. 1946 साली न मरणारे सातआठांत एक असत. 1948 साली ते निम्म्याहून जास्त झाले. अवघ्या दोन वर्षांत, बघा!

हे घडलं कसं? काही जंतू पेनिसिलिन मोडून टाकणारा एक पाचकरस तयार करतात. ऑक्सफर्डमध्ये एडवर्ड अब्राहम आणि अर्न्स्ट चेन यांनी ही गोष्ट 1940 सालीच नोंदवली होती, म्हणजे तिथल्या रुग्णांना हे औषध देऊन बघण्याच्याही आधी. औषधानं साधे जंतू मेले, चिवट तेवढे उरले. शेतातलं बाकी तण काढलं आणि हरळी ठेवली, तर शेत हरळीचंच होणार की! बाईंनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. हे चिवट जंतू बहुतेक वेळा रुग्णाच्या अंगात नव्यानं तयार होत नव्हते, ते एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जात होते. आणि त्यांना नेणारे हात सेवा करणाऱ्यांचेच होते.

मग नवी नवी औषधं आली, जंतू त्यांनाही सरावले. तेव्हा 1950 च्या दशकाच्या अखेरीस बाईंनी आणि सहकाऱ्यांनी रुग्णालयाला शिस्त लावली. गरज असेल तिथंच औषध, तेही ठरल्या नियमानं; आणि एकाचा संसर्ग दुसऱ्याला लागू नये म्हणून काळजी. 1960 साली त्यांनी निष्कर्ष छापला : चिवट जंतूंचं प्रमाण घटलं होतं. गेलेली ताकद औषधाला परत मिळू शकते, ही केवढी मोठी गोष्ट! 1965 साली मोटार अपघातात बाई गेल्या.

त्याच सुमारास मेथिसिलिन हे नवं औषध निघालं होतं. पेनिसिलिन मोडणारा जंतूचा तो रस याला मोडू शकत नव्हता. पण 1961 सालीच पॅट्रिशिया जेव्हन्स या दुसऱ्या एका बाईंनी कळवलं, की पाच हजारांवर नमुन्यांत तीन जंतू मेथिसिलिनलाही दाद देत नाहीत. फक्त तीन! आज एमआरएसए म्हणून जगभरच्या रुग्णालयांना जो छळतो, तो याच जातीचा. आपल्याकडंही तो आहे. नुसतं नवं औषध पुरत नाही, ते असं.

म्हणून मैत्रिणींनो, ही गोष्ट फक्त डॉक्टरांची नाही. आपण घरात औषधाच्या डब्यात उरलेल्या गोळ्या जपून ठेवतो आणि सर्दी झाली की 'घे गं एक' म्हणून शेजारणीलाही देतो. साध्या सर्दीचा विषाणू अँटिबायोटिकनं मरत नाही. अंगातले साधे जंतू तेवढे मरतात आणि हरळी उरते. उद्या घरात कुणाचं सिझेरियन झालं, सासूबाईंच्या मधुमेहाच्या पायाला जखम झाली, तर तेच औषध लागू पडायला हवं ना?

पाकिटावरची तांबडी उभी रेघ बघत जा. ती असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय गोळी घ्यायची नाही, कुणाला द्यायचीही नाही. आणि दवाखान्यात कुणाला बघायला गेलात, तर खाटेला हात लावण्याआधी आणि नंतर हात स्वच्छ धुवा. बार्बरबाईंची शिस्त आपल्या घरात एवढ्यानंच सुरू होते.