शोध उन्हाचा, विद्यापीठाचा की सर्वांचा?

गावातल्या दूध डेअरीवर दुधाचा भाव ठरतो तो मुख्यतः फॅटवर. हे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की, दुधातील स्निग्धांश मोजायची सोपी रीत कधीतरी कोणीतरी शोधून काढली असेल, हे सहसा ध्यानात येत नाही. या रीतीपासून सुरुवात करून आपण एका विद्यापीठाची गोष्ट पाहू या.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन हे गाईगुरांचे राज्य. तिथे दुधाचे पैसे वजनावर मिळत. म्हणजे पाणी घालणारा किंवा वरची साय काढून घेणारा फायद्यात आणि चांगले दूध आणणारा तोट्यात! १८९० साली मॅडिसन येथील विद्यापीठातील स्टीफन बॅबकॉक यांनी यावर उपाय काढला. दुधात सल्फ्युरिक आम्ल घातले की स्निग्ध पदार्थांखेरीज बहुतेक घटक विरघळतात. मग ती बाटली यंत्रात गरगर फिरवायची. हलके स्निग्ध पदार्थ बाटलीच्या अरुंद, खुणा केलेल्या मानेत गोळा होतात आणि त्यांचे प्रमाण सरळ वाचता येते. आपल्याकडे वर्षानुवर्षे वापरली गेलेली गर्बर पद्धतही याच तत्त्वावर चालते. बॅबकॉक यांनी या शोधाचे पेटंट घेतले नाही. पगार जनतेच्या पैशातून मिळतो, तेव्हा शोधही जनतेचा, असा हा सरळ हिशेब होता.

याच विद्यापीठात पुढच्या पिढीतील हॅरी स्टीनबॉक मुडदुसाचा अभ्यास करत होते. या रोगात मुलांची हाडे मऊ राहून पाय वाकतात. कारखान्यांच्या धुराने झाकोळलेल्या थंड शहरांत तो फार आढळे. काही विशिष्ट आहार दिला की उंदरांनाही मुडदूस होतो. अशा उंदरांवर अतिनील किरणांचा दिवा धरला की ते बरे होतात, हे दिसले होते. स्टीनबॉक यांनी दिवा उंदरांवर न धरता त्यांच्या खाद्यावर धरला. तरीही उंदीर बरे झाले! हे त्यांनी १९२४ साली प्रसिद्ध केले. अन्नातील अर्गोस्टेरॉलसारख्या पदार्थांचे अतिनील किरणांमुळे 'ड' जीवनसत्त्व बनते, हे कोडे नंतर उलगडले. न्यूयॉर्कचे आल्फ्रेड हेस यांनाही त्याच सुमारास असेच निष्कर्ष मिळाले होते.

आता प्रश्न आला : बॅबकॉक यांच्याप्रमाणे शोध मोकळा सोडायचा का? स्टीनबॉक यांना दोन धास्ती होत्या. कोणीही कसाही दिवा लावून 'आमचे अन्न गुणकारी' म्हणून विकेल, ही एक. आणि मार्गारिनवाले या पद्धतीने आपला माल समृद्ध करून विस्कॉन्सिनच्या लोण्याचा बाजार मारतील, ही दुसरी. त्यांनी पदरमोड करून पेटंटसाठी अर्ज केला. क्वेकर ओट्स कंपनीने लाखो डॉलर देऊ केले, ते त्यांनी घेतले नाहीत. १९२५ साली काही माजी विद्यार्थ्यांनी थोडी थोडी वर्गणी काढून विद्यापीठापासून वेगळी एक संस्था स्थापली. पेटंट या संस्थेकडे, परवाने देण्याचे कामही तिच्याकडे आणि मिळकत मात्र विद्यापीठातील संशोधनाला, अशी व्यवस्था झाली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'वॉर्फ' म्हणतात. तिच्या मदतीने झालेल्या संशोधनातून निघालेले वॉरफरिन हे औषध तिचेच नाव मिरवते. आधी ते उंदीर मारायला वापरले गेले, पुढे रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून माणसांनाही दिले जाऊ लागले.

१९२७ साली क्वेकर ओट्सला परवाना मिळाला. पुढे औषध कंपन्या आणि दूधवाले आले. 'ड' जीवनसत्त्वयुक्त दूध घरोघर पोचले आणि अमेरिकेत मुडदूस झपाट्याने हटला. १९३० च्या दशकातील मंदीत विद्यापीठाचे संशोधन या पैशाने तगले.

इथवर गोष्ट सुखान्त वाटते. पण मार्गारिनवाल्यांना परवाना नाकारला गेला होता. लोणी परवडत नसे ते मार्गारिन खात, आणि मुडदूसही गरिबांच्याच मुलांना जास्त होई! ज्यांना गरज अधिक, त्यांच्याच ताटापासून शोध दूर राहिला. १९४० च्या दशकात हा वाद न्यायालयात गेला. अपील न्यायालयाने पेटंटे अवैध ठरवली. शेतकरी चारा उन्हात वाळवतात, तेव्हा नकळत हीच क्रिया होत असते, याकडे न्यायालयाने लक्ष वेधले. गरिबांच्या मार्गारिनचा मुद्दाही निकालात आला. १९४६ साली वॉर्फने ही पेटंटे जनतेसाठी खुली केली.

वॉर्फची वाट मात्र इतरांनी धरली. १९८० च्या बे-डोल कायद्याने, सरकारी पैशातून लागलेल्या शोधांची मालकी अमेरिकेतील विद्यापीठांना घेता येऊ लागली. भारतातही तशा धर्तीचे विधेयक २००८ साली मांडले गेले, पण पुढे ते मागे घेण्यात आले. याची दुसरी बाजू आपण हळदीच्या बाबतीत अनुभवली. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट १९९५ साली अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले. मूळचे गोव्यातील माशेलचे रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने जुने ग्रंथ आणि १९५३ मधील एक शोधनिबंध पुरावा म्हणून पुढे केला आणि १९९७ साली पेटंट रद्द झाले. आजीचा अनुभव खरा असला, तरी तिथे छापील पुरावाच उपयोगी पडला.

वर्गात ही गोष्ट सांगून झाल्यावर मुलांचे चार गट करता येतील : संशोधक, लोणी विकणारा शेतकरी, मार्गारिनचा कारखानदार आणि मुडदूस झालेल्या मुलाची आई. प्रत्येक गटाने स्टीनबॉकना एक पत्र लिहावे. आम्हाला वाटते, शेतकऱ्याचे पत्रही मुलांना पटेल आणि आईचेही. मग स्टीनबॉकनी काय करायला हवे होते, हे मुलांनाच ठरवू द्यावे.